मंगळावरचे तांबडे दाणे

कुंड्यांना गेरू लावताना त्याचा ओला वास आला आणि नाशिकच्या कॉलेजातला माझा सेमिनार आठवला. मंगळाच्या मातीत रोव्हरला लोहखनिजाचे गोल दाणे सापडले होते, त्यावर मी बोलणार होते. आमच्या सुरगाण्याच्या डोंगरातले तसलेच तांबडे दाणे मी रुमालात बांधून आणले होते. "सर, असे दाणे आमच्याकडं बी हायेत," मी म्हणाले. सर वर्गाकडे वळले. "ऐकलंत? उगाच यान सोडलं. हिच्या गावाला एसटी जाते की!" वर्ग हसत सुटला. सरांनी रुमाल केराच्या टोपलीत झटकला. "बस खाली." मग माझेच कागद त्यांनी दुसऱ्या मुलीकडून वाचून घेतले आणि तिचं कौतुक केलं. आज ऑफिसात मला उत्तर माहीत असलं, तरी दुसरं कुणी ते सांगेपर्यंत मी गप्प बसते.