मुराळी आला फटफटीवर

बद्रीनाथ वत्सलाला पाहायला पालीला आला, तेव्हा त्याच्या बऱ्याच आधी त्याच्या मोटारसायकलचा आवाज आला. बिंदुसरा धरणाच्या पलीकडून तो आवाज निघाला, तेव्हा म्हणे धरणातले मासे काठावर येऊन उभे राहिले. गावातल्या म्हशींनी दावी तोडली. वर्षानुवर्षं एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोन जावा घाबरून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कुणीतरी मंत्र्याचं हेलिकॉप्टर आलं अशी हूल उठवली आणि मास्तरांनी शाळा सोडून दिली. सगळं गाव वाटेला जमलं. एवढी माणसं आपल्यालाच पाहायला आली आहेत हे बघून बद्रीनाथचं ऊर भरून आलं आणि त्यानं हात उंचावून सगळ्यांना रामराम केला. हा हात ब्रेकचा होता.

मोटारसायकल वत्सलाच्या दारातली रांगोळी ओलांडून, एक कोंबडी वाचवून, थेट कडब्याच्या गंजीत शिरली. वत्सलानं दाराच्या फटीतून होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं ते कमरेपासून खाली. वरचा भाग गंजीत होता. चौघांनी पाय धरून त्याला ओढून काढला. कानात ज्वारीचं धाट, डोक्यावर भुसा, आणि पहिलं वाक्य असं की, "ब्रेक चांगला हाय. म्या मारला न्हाई."

वत्सलाला हसू आवरलं नाही. तिच्या वडिलांनी तो होकार धरला आणि सुपारी फुटली.

त्यानंतर तेलगावच्या त्या घरात वत्सलाबाईंनी दोन दिरांशी जुळवून घेतलं, एका खाष्ट सासूला जिंकलं, पण त्या मोटारसायकलशी त्यांचं कधी जमलं नाही. तिला त्या सवत म्हणत. सवतीला निदान लाज असते, ही तर दारातच उभी राहायची. बद्रीनाथ सकाळी उठून आधी तिला पुसायचा आणि मग तोंड धुवायचा, पुष्कळदा त्याच फडक्यानं. तिच्यावरून तो कापसाचं बियाणं आणायचा, पाण्याचा पंप न्यायचा, एकदा तर पुढं शेळी आणि मागं बायको बसवून आठवडी बाजाराला गेला. परत येताना शेळी विकली गेली होती, त्यामुळं वत्सलाबाईंना जरा ऐसपैस बसता आलं.

तेलगाव ते पाली हा रस्ता वत्सलाबाईंना मैलाच्या दगडांनी माहीत नव्हता, पडण्यांनी माहीत होता. वडवणीच्या अलीकडं हात मोडला. तिथून पुढं, बाभळीच्या वळणाला, पदर साखळीत गेला आणि नवीकोरी इरकल अर्धी चाकानं नेसली. बीडच्या तोंडाशी समोरचा दात गेला. तो बद्रीनाथचा होता, त्यामुळं त्याचं फारसं दुःख झालं नाही.

"एखादी जुनीपानी कार घ्यावी माणसानं," त्या म्हणायच्या.

"कारमधी बसलेला माणूस म्हंजे बरणीतलं लोणचं," बद्रीनाथ सुरू व्हायचा. "झाकण लावलेलं. त्याला ना वारा, ना वास. फटफटीवर कसं, कुठं गूळ शिजतोय कळतं, कुठं पाऊस पडून गेला कळतं, कुठं कुत्रं मरून पडलंय ते कळतं."

"मेल्या कुत्र्याचा वास घ्यायला म्या कावून येऊ?"

"पडलो तरी उठलोच ना आपण?"

"उठलो म्हणूनच परत पडलो."

एक गोष्ट मात्र त्यांनी नवऱ्याला कधीच सांगितली नाही. एकदा माहेराहून परत येताना, उन्हं उतरताना, लांबलचक उतारावर बद्रीनाथनं इंजिन बंद केलं होतं. दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी आणि नुसता वाऱ्याचा आवाज. त्या उतारावर त्यांनी "हळू चालवा" म्हटलं नव्हतं. उलट तो उतार संपला तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं. पण असलं काही या माणसाला सांगितलं असतं, तर तो दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा त्या उतारावर घेऊन गेला असता, आणि पाडलं असतं.

त्यांची एकुलती एक लेक दिपाली उमापूरला दिली, आणि तिथं बद्रीनाथला खरा शत्रू भेटला. तिचे सासरे सुंदरराव हे चारचाकीवाले. पांढरी, भलीमोठी कार. मागच्या काचेवर सुंदररावांचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'भावी जिल्हा परिषद सदस्य'. भावी होऊन बरीच वर्षं झाली होती, फोटोतले केस आता सुंदररावांच्या डोक्यावर उरले नव्हते. गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक मात्र शोरूमचंच होतं. देवळात जायचं तरी ते कार काढायचे आणि बोळात वळवता येत नाही म्हणून चालत परत यायचे. कार मग पोरगा आणायचा.

"पाव्हणं," पहिल्याच भेटीत ते बद्रीनाथला म्हणाले होते, "ह्या वयात दोन चाकावर? माणसानं कसं, चार पायावर उभं ऱ्हावं."

"चार पायावर आमच्याकडं जनावरं उभी ऱ्हातात, इवाई."

तेव्हापासून दोघांत आहे ते आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही जुन्या माणसांची रीत. तेलगावात आता ती कुणी पाळत नाही. बद्रीनाथ मात्र उमापूरला जाताना हॅण्डलला पाण्याची बाटली अडकवून जायचा आणि सुंदररावांच्या ओसरीवर बसून, त्यांच्या डोळ्यांदेखत, घटाघट पाणी प्यायचा. रीत पाळण्याचा एवढा आनंद दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

यंदा दिपालीला सातवा लागला. पंचमीला तिला माहेरी आणायची, ती बाळंतपण उरकूनच परत पाठवायची, असं ठरलं. भाऊ नाही म्हणून तिला आणायला जाणारा मुराळी बापच. वत्सलाबाईंनी डिंक आणला, वाकळ धुतली, झोका टांगला. आणि सुंदररावांचा फोन आला.

"मुराळी फटफटीवर आला तर सून धाडणार न्हाई. चारचाकी घेऊन या. नसंल तर बाळंतपण हितंच हुईल."

"चारचाकी आमच्या दारात येणार न्हाई," बद्रीनाथ ओरडला आणि फोन ठेवला.

वत्सलाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. जेवणाचं ताट त्याच्यासमोर आदळलं, तेव्हा वरण वाटीतून उडून भिंतीवर गेलं. "इवाई त्यांच्या बाजूनं बरोबर बोलत असतील तर? पोटुशी पोर तुमच्या मागं बसवायची? तुमी मला जिथं जिथं पाडलं, तिथं तिथं म्या एकलीच होते. ती एकली न्हाई."

बद्रीनाथ भिंतीवरचं वरण पुसत बसला. पण भाड्याची कार काही त्यानं सांगितली नाही.

शेवटी दोघं मोटारसायकलवरूनच उमापूरला गेली. वत्सलाबाईंनी वाटेत डोक्यात एक बेत केला होता. ओसरीवर सुंदररावांचा चहा झाला, बद्रीनाथनं बाटलीतलं पाणी पिऊन सुंदररावांना दाखवलं, आणि मग त्या पदर सावरत म्हणाल्या, "इवाई, तुमचंच खरं. फटफटीवर न्हाईच न्यायची पोरगी. पन आता एवढ्या लांब जाईल अशी कार आणावी कुठून? तुमची आपली दारात शोभती. तेलगावपत्तर काय तिला झेपणार न्हाई."

सुंदरराव ताडकन उठले. "झेपणार न्हाई? अवो, ही मुंबईला जाऊन आलीय! दिपाली, पिशवी घे. म्या सोडतो."

"बापू, तुमी पन बसा ना कारमधी," दिपाली म्हणाली.

"लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाई, तर गाडीत कसा बसू?"

"गाडीत पाणी न्हाई, डिझेल हाय," सुंदरराव म्हणाले. "तेवढं पिऊ नका, झालं."

अशी वरात निघाली. पुढं बद्रीनाथ, मागं पांढरी कार. जन्मात पहिल्यांदा वत्सलाबाई कारच्या मागच्या सीटवर बसल्या. काय सुख! पदर उडत नव्हता, केसांत धूळ नव्हती, गार वारा थेट नाकावर. गेवराई येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात नवऱ्याला भरपूर शिव्या घातल्या. गेवराई गेली आणि त्यांच्या पोटात ढवळायला लागलं. प्लास्टिक तापलेलं, अत्तराचा वास डोक्यात गेलेला, खिडकी उघडावी तर सुंदरराव ओरडत, "एसी चालू हाय, ईनबाई!" बीड ओलांडताना दिपालीनं मुकाट्यानं पिशवीतला डबा रिकामा करून आईच्या हातात दिला. तो वत्सलाबाईंनी दोनदा वापरला. आपल्याला बाहेरचा वारा लागतो, हे त्यांना त्या वयात कळलं आणि त्याचा भयंकर राग आला.

वडवणीच्या अलीकडं रस्ता बंद. खड्डे बुजवा म्हणून गावकऱ्यांनी रस्ता अडवला होता. आडवे ट्रॅक्टर, पेटलेले टायर, आणि ट्रॉलीवर माइक. माइक पाहताच सुंदररावांचे डोळे चमकले.

"दोन शब्द बोलून आलोच," म्हणत ते उतरले. इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि सवयीप्रमाणं चालता चालता मागं न बघता बटण दाबलं. कारनं टुक् केलं.

वत्सलाबाईंनी दार उघडून पाहिलं, उघडेना. दिपालीनं तिच्या बाजूचं पाहिलं, तेही नाही. मागची दारं आतून उघडू नयेत म्हणून नातवंडांसाठी आधीच कुलपं लावून तयार ठेवलेली, नातवंड यायचंच होतं, आणि सीटांमधून पुढं जाणं दोघींनाही जमण्यासारखं नव्हतं. काचा खाली होईनात. ऊन काचेवर आलेलं. दिपालीनं पाय वर घेतले, ते सुजले होते. "माय, मला घाबरल्यावानी हुतंय गं."

बाहेर बद्रीनाथ काचेला तोंड लावून काहीतरी बोलत होता. तोंड हलत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. एरवी वत्सलाबाईंना हा कारचा सगळ्यात मोठा गुण वाटला असता. आता त्यांनी काचेवर दोन्ही हात आपटले आणि लेकीकडं बोट दाखवलं. बद्रीनाथचा चेहरा बदलला. त्यानं मोटारसायकल तशीच आडवी टाकली आणि पळाला. त्यानं ती अशी टाकलेली वत्सलाबाईंनी कधी पाहिली नव्हती.

ट्रॉलीवर सुंदरराव रंगात आले होते. बद्रीनाथ वर चढला, तेव्हा हार घालायला कुणी आलं असं वाटून त्यांनी मान पुढं केली. बद्रीनाथनं सरळ त्यांच्या खिशात हात घातला.

"अवो, काय करता? सभा हाय!"

"लेक कोंडलीय तुमच्या लोणच्याच्या बरणीत! सोडा किल्ली!"

हे माइकवरून तीन गावांना ऐकू गेलं.

दार उघडलं. दिपाली बाहेर आली, लिंबाच्या सावलीत टेकली, आणि पुन्हा कारमध्ये बसायला साफ नाही म्हणाली. पलीकडं तेलगावची एसटी अडकली होती, ती आता मागं वळायच्या बेतात होती. रस्त्यात धूर, म्हणून वाट उरली ती कपाशीतल्या चिखलाची. सुजल्या पायांनी पोर चालणार कशी?

"बस माझ्या मागं," बद्रीनाथ म्हणाला.

"बसंल," वत्सलाबाई म्हणाल्या, "पन इंजिन बंद."

"मग ती फटफटी कशाची?"

"बैलगाडी समजा. बैल तुमी."

बद्रीनाथनं एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा लेकीकडं, आणि हॅण्डल धरलं. दिपाली वर, एका बाजूनं आई धरून, आणि जन्मभर वाऱ्याशी शर्यत लावणारा तो माणूस पोटऱ्यांएवढ्या चिखलातून मोटारसायकल ढकलत निघाला. एक बकरी त्यांच्या मागून आली, थोडा वेळ सोबत चालली आणि कंटाळून पुढं गेली.

तेवढ्यात माइक पुन्हा वाजला. सुंदररावांना मुद्दा सापडला होता. "बघा! मायबाप सरकारनं डोळं उघडून बघावं! रस्त्याची ही दशा, की एका बापाला गरवार लेकीला चिखलातून ढकलत न्यावं लागतंय!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

बद्रीनाथ थांबला. मान वळवली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "रस्ता तूच अडवून बसलाय बे!"

टाळ्या थांबल्या. व्याह्याला, तेही चारचौघांत, बे! वत्सलाबाईंनी डोळे मिटून घेतले. दिपाली मात्र आईच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती, पोट धरून, सातव्या महिन्यात जेवढं हसता येतं तेवढं.

एसटी मिळाली. मायलेकी पंचमीच्या आदल्या दिवशी घरी पोचल्या. बद्रीनाथ मागाहून आला, वाकलेला, आणि तसाच राहिला. इतक्या वर्षांच्या इतक्या पडण्यांनी जे झालं नाही, ते त्या ढकलण्यानं झालं. कमरेतली गादी सरकली.

दिपालीला मुलगी झाली. सुखरूप. बारशाला सुंदरराव आले नाहीत, तो 'बे' अजून मिटलेला नाही. बद्रीनाथ आता उमापूरचं पाणी पिऊ शकतो, पण कुणी विचारत नाही.

डॉक्टरांनी मोटारसायकल कायमची बंद सांगितली. ती गोठ्यात उभी असते, तिच्यावर कोंबड्या बसतात. नातीला भेटायला दोघं एसटीनं जातात. वत्सलाबाईंना अर्धं तिकीट लागतं, बद्रीनाथला पूर्ण.