सुरुंग मी लावला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी न घडलेल्या गोष्टीसुद्धा रंगवून सांगत आलोय.

रेल्वेतून इंजिनीयर म्हणून रिटायर झालो आणि लखनौलाच राहिलो. मग प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, या गाठीला मोजके पण मोठे डोस चांगले लागू पडतात; पाचच वेळा सिकाईला — इकडे रेडिएशनला सिकाईच म्हणतात — या. गेलो. काय झालं? आठवडाभर लघवीला जळजळ. बस.

पण ही काय गोष्ट झाली, सांगा?

सिकाईआधी मूत्राशय भरलेलं लागतं. आम्ही सगळे पाणी ढोसून, मांड्या आवळून बाकावर. शेजारी तेलीबागचे त्रिपाठीजी — किती डोस घ्यायचे, हे त्यांचं अजून ठरायचं होतं. त्यांना म्हटलं, आत सुरुंग लावतात, भाईसाहब. मांस करपल्याचा वास येतो, लघवीतून कोळसा पडतो. एक जण तर टेबलावरच उभा फाटला. मी टिकलो, कारण मी डोंगर फोडलेत. अख्खा बाक हसला. त्रिपाठीजी हसले नाहीत.

त्यांनी पाच मोठे डोस नाकारले, वीस छोटे मागून घेतले. तेही चाललं असतं — पुरे झाले असते तर. रोज ई-रिक्शा, रोज तीच धास्ती. अकराव्यानंतर ते आलेच नाहीत.

वर्षाने तपासणीला गेलो, तर ते स्ट्रेचरवर. कॅन्सर मणक्यात उतरलेला. त्यांच्या मुलाने टेक्निशियनची कॉलर धरली होती. “बाबूजी से किसने कहा था कि अंदर बारूद फटता है?”

टेक्निशियन पन्नाशीचा, मऊ माणूस. मला पाचही वेळा हात धरून टेबलावर चढवलेलं त्याने. तो तोंड उघडतोय तोच ठोसा बसला. दात फरशीवर. मग डोकं दारावर — एकदा, दोनदा, पुन्हा. रक्त माझ्या चपलेपर्यंत आलं.

मी तीन पावलांवर होतो. एक वाक्य पुरलं असतं. आणि मी — मी चप्पल मागे घेतली.

स्ट्रेचरवरून त्रिपाठीजींनी मला ओळखलं. हळूच म्हणाले, “आप तो ठीक हैं न, इंजीनियर साहब?”

मी मान हलवली.

त्याच संध्याकाळी कॉलनीत सांगितलं, मी मध्ये पडलो, पोराचा हात पिरगळला, टेक्निशियनला वाचवलं. अजून सांगतो. त्या गोष्टीत आता सहा दात पडतात.

पडले होते दोन. मध्ये कुणीही पडलं नव्हतं.