बस्त्याला आलेली हौसा

बस्ता बांधायला बायका कापडाच्या दुकानात शिरल्या की गड्यानं लोडाला टेकावं आन गप बसावं. तेच करतोय मी. पोपटशेठच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसलोय, वर पंखा कुरकुरतोय, पुढ्यात लग्नाच्या साड्यांचा ढीग चढत चाललाय. माझी किशोरी एकेक साडी खांद्यावर टाकून आरशात बघती. माझी वहिनी, म्हंजे तिची थोरली चुलती, कापड चिमटीत धरून चोळून बघती. पाव्हण्यांचं म्हणणं होतं सांगलीला जाऊया, तिथं सगळं एका छपराखाली मिळतंय. मी म्हणलं, न्हाई. बांगड्या, मडकी, किराणा, कापड, सगळं आपल्याच पेठेतनं. किशोरीच्या बारशाचं झबलं ह्याच दुकानातनं नेलं हुतं, शालू बी हितनंच न्यायचा.

सगळं ठरलंय, एक तेवढं राहिलंय. पोपटशेठनं आल्या आल्या विचारलं, "कन्यादानाची साडी कुणासाठी काढू?" आमच्यात कन्यादानाला नवरा-बायको जोडीनं बसतात आन त्या बाईला बस्त्यातनं भारी साडी असती. माझी हौसा किशोरी दुसरीत असतानाच गेली. भटजीकाका म्हणले, थोरल्या भावाला, अण्णाला, आन वहिनीला बसव. न्हाईतर कमरेला सुपारी खोचून तूच बस, सुपारी म्हंजे बायको असं धरायचं, चालतंय. मला माझ्या हातानं पोरगी द्यायचीय. म्हणून येता येता वाण्याकडनं सुपारी घेतली, सदऱ्याच्या खिशात टाकली. कुणाला बोललो न्हाई. पोपटशेठला म्हणलं, सांगतो. त्यानं चहा मागवला आन परत विचारलं. सांगतो की, म्हणलं, घाई काय हाय.

पंखा कुरकुरतोय. साडी उलगडली की हवेत फुगती आन मग हळूच खाली बसती. एक हिरवी. एक जांभळी. एक कैरीच्या रंगाची. डोळा जड होतोय. आजून एक उलगडली, फुगली, आन खाली बसलीच न्हाई. तिच्या पलीकडं कोणतरी बसलंय.

"पाय काढा की," ती म्हणती. "नव्या साडीवर पाय हाय तुमचा."

हौसा हाय. कपाळावर तेच गोंदण, पदर तसाच कमरेला खोचलेला. मी पाय ओढून घेतो. मला लाज वाटती. माझं केस पांढरं झालं आन ही हाय तशीच हाय.

"वाळलाय किती," ती म्हणती. "बोअरच्या गाडीवर हाय का आजून?"

"सोडली. गुडघं ऐकत न्हाईत आता."

"बरं झालं. सदानकदा कानात तो खडखडाट. मी काय बोलले ते कधी ऐकू आलं तुमाला?"

"आता येतंय."

ती जांभळ्या साडीची किनार अंगठ्यानं चोळून बघती. "हिचा रंग जातोय," म्हणती. "चला."

आमी पेठेतनं चाललोय. पायाखाली रस्ता न्हाई, साड्या हायत, घडीवर घडी, पाय आत बुडतोय. दुकानं सगळी उघडी, आत माणूस न्हाई. कासाराच्या दुकानात बांगड्यांच्या माळा टांगल्यात, वारा न्हाई तरी वाजत्यात. हौसा हात वर करून त्या गप करती.

"किशोरीला बांगड्या हितंच भरा," म्हणती. "हितल्या कासारणीनं पोरीच्या हाताला कधी ओरखडा येऊ दिला न्हाई."

"तुला काय ठावं? ती बांगड्या भरायला लागली तवा तू कुटं हुतीस?"

"जाऊबाईंनी सांगितलं."

"वहिनीनं? कधी?"

"रोज सांगतात. सांजच्याला दिवा लावताना बोलतात की माझ्यासंगं. आज हिनं हे खाल्लं, आज हिनं शाळेत मार खाल्ला. तुमच्या म्हागारी कोण न्हाई का त्या घरात?"

मला हे ठावं न्हाई. मी सांजच्याला घरात असतोय कुटं.

कासाराच्या दुकानातच कुंभाराचं चाक फिरतंय. लग्नात पुजायची ऐरणीची गाडगी मांडल्यात, चुन्यानं रंगवलेली. मी एकात वाकून बघतो. बोअरमध्ये बघावं तसा काळोख हाय, खाली, खाली. मी सवयीनं खडा टाकतो आन कान लावतो. खडा पडल्याचा आवाज येत न्हाई.

"कोरडं हाय," मी म्हणतो.

"तुमाला सगळं लगीच लागतंय," हौसा म्हणती. "द्या हिकडं."

ती गाडगं उचलून काखेत धरती आन चालायला लागती. तिच्या काखेत पाणी हिंदकळतंय. मला ऐकू येतंय ते.

मांडव. शाळेच्या पटांगणात घातलाय, खांबाला केळी बांधल्यात, आन पोपटशेठचाच पंखा वर कुरकुरतोय. माणूस न्हाई. मधी दोन पाट. मी एका पाटावर बसतो. हौसा उभीच हाय.

"ये की," मी म्हणतो, आन खिशातनं सुपारी काढून दुसऱ्या पाटावर ठेवतो. "तुला बसवायचं ठरवलंय मी. कुणाला सांगितलं न्हाई आजून."

ती सुपारी उचलती, तळहातावर फिरवून बघती. "एवढीशी झाले व्हय मी?"

"भटजीकाका म्हणले चालतंय."

"त्यांचं चालतंय. किशोरीची वेणी कोण घालत हुतं?"

"वहिनी."

"उवा कुणी काढल्या?"

"वहिनीनंच."

"पहिल्यांदा बाजूला बसली, भ्याली, रडली. तवा जवळ कुणी घेतली?"

मी तवा जतला हुतो, माळावर. खडक लागला हुता, गाडी हालत नव्हती. फोनवर भाऊ म्हणला, पोरगी मोठी झाली. मी व्हय म्हणलं आन परत लिव्हर धरला.

"वहिनीनं घेतली," मी म्हणतो.

"मग त्या पाटावर मी काय म्हणून बसू?"

"आन मी गं? माझी पोरगी हाय ती."

"तुमचीच हाय." ती माझ्या पुढ्यात उकिडवी बसती. तिच्या अंगाला कोऱ्या कापडाचा वास येतोय. "जलमभर लोकांच्या रानात पाणी काढलंत. पाणी लागलं की गाडी भरून फुडच्या गावाला. धार बघायला कधी थांबलात? ती ज्याचं रान त्यानं धरली. तरी पाणी तुमीच काढलं हुतं न्हवं का?"

गाडग्यातलं पाणी हलायचं थांबलंय.

"मग मी कुटं उभा राहू?"

"त्या खांबापाशी. तितनं पोरीचं तोंड दिसतंय. पाटावर बसणाऱ्याला दिसत न्हाई, त्याला हातच दिसत्यात."

"तू असशील तिथं?"

ती पदराचं टोक हातात घेती. हे तिचं आधीपासनंचं हाय. किल्ली असू दे, लवंग असू दे, देवाचा अंगारा असू दे, पदराच्या टोकाला बांधायची. डावखुरी हुती. उलटा येढा देऊन परत एक येढा द्यायची, आन ती गाठ घरात कुणाला सुटायची न्हाई. मी दातानं वढायचो, ती हसायची आन दोन बोटांत सोडायची. आता बी तिची बोटं तशीच चालत्यात.

"हौसा, असशील का?"

"हे धरा," ती म्हणती, आन टोक माझ्या मुठीत देती.

"पाव्हणं, चहा निवला," पोपटशेठ म्हणतोय.

पंखा कुरकुरतोय. मी लोडाला कलंडलोय, तोंड कोरडं पडलंय. वहिनी आन किशोरी माझ्याकडं पाठ करून आरशापाशी हायत. वहिनी खाली बसून किशोरीच्या निऱ्या सारख्या करती. माझ्या मांडीवर ती कैरीच्या रंगाची साडी पसरलीय.

मी खिसा चाचपतो. सुपारी न्हाई. गादीवर बघतो, लोडाखाली बघतो. मग मूठ उघडतो. मुठीत पदराचं टोक हाय, आन टोकाला गाठ. गाठीत गोल, टणक कायतरी.

पोपटशेठचा गडी साडी घडी करायला वाकतो. गाठ बघून नखानं उकलायला जातो, मग दुसऱ्या हातानं. "शेठ, हिला कुणी बांधलं हे? सुटंना झालंय."

"ऱ्हाऊ दे," पोपटशेठ म्हणतो. "दुसरी दाखव त्यांना."

"हीच द्या," मी म्हणतो.

"कुणासाठी?"

"कन्यादानाची." माझा आवाज मलाच वेगळा लागतो. "वहिनी, जरा हिकडं या. हिचा रंग जातोय का बघा."

वहिनी गुडघ्याला हात लावत उठती. "मला काय कळतंय भावजी, पोरीला विचारा."

"न्हाई. तुमाला नेसायचीय. अण्णासंगं पाटावर तुमीच बसायचं."

आरशातली किशोरी हलत न्हाई. वहिनी माझ्या तोंडाकडं बघती, मग साडीकडं. कापड चिमटीत धरती, चोळती, पदरावरनं बोटं सरकत सरकत टोकाला येतात आन गाठीपाशी थांबतात. ती गाठ चाचपती. त्या एका चुलीपुढं दोघी जावांनी किती वर्सं काढली, तिला ती गाठ सांगायला लागत न्हाई.

सोडवायला बघत न्हाई. टोक मुठीत धरून तशीच उभी ऱ्हाती.

"न्हाई जायचा हिचा रंग," म्हणती.