रावजींची फवारणी बंद

सायखेड्याच्या रावजींची द्राक्षबाग गोदावरीच्या काठाला आहे. ऑक्टोबर छाटणीला कात्री ते स्वतःच धरतात. कुठली काडी किती राखायची हे ते नुसतं बघून ठरवतात, आणि यंदा नेमकं बघणंच अवघड झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन छाटणीआधी उरकायचं होतं, पण डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, शुगर आटोक्यात असेल तरच.

रावजींना त्याची काळजी नव्हती. शुगरसाठी ते नाशिकला डॉक्टर मनीषा पगारांकडे जात. उपाशीपोटीचा रिपोर्ट दर वेळी इतका चांगला येई की डॉक्टरांनी एक गोळी कमीही केली होती.

या यशाचं गुपित फक्त त्यांच्या बायकोला, सरुबाईंना, ठाऊक होतं. द्राक्षाचा नमुना लॅबला जायचा असला की औषधाचा अंश सापडू नये म्हणून बागायतदार आधी काही दिवस औषध मारणं थांबवतो. रावजींनी तोच नियम स्वतःला लावला. तपासणी जवळ आली की ओट्यावर बसून ते जाहीर करत, "सरू, आजपासून फवारणी बंद." मग बिनसाखरेचा चहा, मेथी, अर्धी भाकरी आणि चेहऱ्यावर तपश्चर्येचं तेज. रक्त दिलं की परतीच्या वाटेवर मिसळ, मिसळीवर जिलेबी, आणि फवारणी पुन्हा सुरू.

सप्टेंबरात डॉक्टरांनी त्यांच्या करंगळीची न भरणारी जखम पाहिली, मग रिपोर्ट पाहिला, आणि वेगळी टेस्ट लिहून दिली. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी. रावजी निर्धास्त होते. रक्त आजचं, त्यात आखाडातलं काय सापडणार?

सरासरी नऊ पॉइंट आठ आली. हवी होती सातच्या आसपास.

"काका, हे दोन रिपोर्ट एका माणसाचे वाटत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

रावजी पंख्याकडे बघत राहिले. सरुबाईंनी पदर सावरला. "मॅडम, तपासणी आली का ह्यांची फवारणी बंद असती," म्हणत त्यांनी सगळं सांगून टाकलं, जिलेबीसकट.

डॉक्टर हसल्या नाहीत. "काका, मी माल घेणारी पार्टी नाही. नमुना कसाही निघो, माल तुमच्याकडेच राहणार आहे. आणि त्या नमुन्यावर मी तुमची गोळी कमी केली."

रावजींनी करंगळीच्या जखमेकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग छाटणी?"

"डोळ्यांचं ऑपरेशन आता शुगर उतरल्यावरच. छाटणी यंदा दुसऱ्याला करू द्या. मला तीन महिने खरं खरं सांगा. गोळी पुन्हा वाढवू, रोज बागेला चकरा मारा. मिसळ कधीतरी चालेल. जिलेबी नाही."

छाटणीला मजूर लागले. रावजी त्यांच्या मागे चकरा मारत सूचना देत राहिले; दिसत काहीच नव्हतं, पण चालणं झालं. पुढे डॉक्टरांना खरं सांगण्याचाही त्यांनी अतिरेक केला. "दिवाळीला करंजी खाल्ली. अर्धी. दुसरी अर्धी पण मीच खाल्ली."

डिसेंबरअखेर सरासरी सातवर आली. जखम भरली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि काही दिवसांनी काळा चष्मा लावून रावजी बागेत गेले. घडांत पाणी उतरत होतं, मणी मऊ पडू लागले होते. पानापानाची कड वेगळी दिसत होती. एका ओळीपाशी ते थबकले. काड्या वेड्यावाकड्या तोडलेल्या, कुठे घडांची दाटी, कुठे नुसता पाला.

"हे कोणी छाटलं गं?"

"तुमच्या जिलेबीनं," सरुबाई म्हणाल्या आणि पुढच्या ओळीकडे वळल्या.