रोल्लातली जुदिया

शारजाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि तापल्या तव्यावर बसल्यासारखं झालं. न्यायला धाकटी बहीण उषा आली होती. टॅक्सीत बसताच म्हणाली, "ताई, आज शेजारी जुदिया आहे. समोरच्या हव्वाखालांनी तुलाही बोलावलंय." जुदिया (सुदानकडे वडीलधारे बसवतात ती समेटाची बैठक). माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि हिला समेट सुचत होता.

शारजाच्या रोल्ला भागात उषाच्या दारासमोर हव्वाखालांचं दार. सुदानच्या पश्चिमेला त्यांचं गाव टोळीनं जाळलं, माणसं कापली. धाकट्या लेकाला, युसूफला घेऊन त्या निसटल्या; थोरला इब्राहिम मागे राहिला. तो कुठेतरी जिवंत असेल, एक दिवस दारात येईल, एवढ्यावर बाई तगून होत्या. त्या टोळीतला एक, आदम, आता दुबईत जबल अली बंदरातल्या गोदामात हमाली करतो. तोच माफी मागायला येणार होता.

तीन म्हातारे भिंतीशी टेकून बसले, आदम दाराजवळ. खालांनी सगळ्यांपुढे कर्कदे (जास्वंदीच्या सुक्या पाकळ्यांचं सरबत) ठेवलं. पुढं केलेलं नाकारू नये, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. मी पेला तोंडाला लावला. सगळे माझ्याकडे बघू लागले.

युसूफ हळूच म्हणाला, "आंटी, अभी नहीं. अम्मी माफ करेगी, फिर पिएँगे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पेला खाली ठेवला.

म्हाताऱ्यांनी खालांची बरीच समजूत घातली. युसूफ आम्हाला हिंदीत सांगत होता. खालांनी आदमला एकच विचारलं, "माझा इब्राहिम कुठाय?"

आदम खाली मान घालून बोलला. हे मात्र हिंदीत आणायला युसूफला वेळ लागला. "बोलता है, नाले के पास, बबूल के नीचे. उसी ने मारा. उसी ने गाड़ा."

खालांनी एकेक पेला उचलून मोरीत ओतला. म्हातारे समजले. मग त्या म्हणाल्या, "माफी नाही. पण माझ्या लेकाचा जनाज्याचा नमाज राहिलाय. तो आता पढा."

सगळे उठले. आदम चपला शोधू लागला.

"तू थांब," खाला म्हणाल्या. "त्याला माती देताना तूच होतास. रांगेत उभा राहा."

तो उभा राहिला. मला त्याचा संताप येत होता आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

घरी परतल्यावर सगळे विचारतात, मग समेट झाला का? मला अजून सांगता येत नाही. परवा फोनवर उषाकडे खालांची चौकशी केली. ती म्हणाली, "इतकी वर्षं रात्री दाराला कडी लावत नव्हत्या गं. आता लावतात."