आमच्या बॅचचे पिक

तीन कॉर्ड नीट वाजवायला आमच्या बॅचला आठ महिने लागले. किस्से मात्र पहिल्या रविवारपासूनच सुरू झाले, त्यांना प्रॅक्टिस लागत नाही ना! बोरिवलीत रविवारी सकाळी आमचा गिटारचा क्लास असतो. बॅचचं नाव 'मोठ्यांची बॅच'. म्हणजे लहान मुलं आमच्यानंतर येतात आणि आमच्यापेक्षा बरं वाजवतात. शिकवतात बेनी सर. ते मनोरीचे. बोट पकडून खाडी ओलांडून येतात, त्यामुळे बोट चुकली की क्लास लेट. आणि आम्ही कोण? मी एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, नीता ब्लाऊज शिवते आणि कदम काका रिटायर्ड बस कंडक्टर. बाकीचे येऊन जाऊन असतात, आम्ही तिघं मात्र चिकटलो ते चिकटलोच.

* * *

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "पुढच्या वेळी प्रत्येकाने आपापला पिक आणायचा." गिटारच्या तारा छेडायची ती प्लॅस्टिकची तिकोनी चकती, तिला पिक म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, पिक आणायचाय." सासूबाई आतून बाहेर आल्या. "पीक? कसलं पीक? जमीन तर कधीच विकली आपण!"

मी समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पुढचे सहा महिने मी गिटार काढली की नवरा आईला सांगायचा, "आई, थांब जरा. अजून पेरणी चाललीय!"

* * *

मग आम्ही तिघं अंधेरीला एका मोठ्या दुकानात गेलो. काऊंटरवरच्या पोराने पिकांनी भरलेला ट्रे समोर सरकवला आणि विचारलं, "लाइट, मीडियम की हेवी?"

कदम काका म्हणाले, "आम्ही नाश्ता करून आलोय!"

पोरगा हसला नाही. नीता पुढे झाली. चाळीस गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ असणारी बाई, ती काय घाबरणार! "मीडियम दे रे. घट्ट झाला तर उसवून मिळेल ना?"

त्यावर मात्र पोरगा असा हसला की मॅनेजर बघायला आला. आम्हाला बसायला खुर्च्या मिळाल्या आणि सगळे पिक वाजवून बघायला मिळाले. माहिती नसलं की लाजायचं कशाला? सरळ विचारावं, खुर्ची मिळते.

* * *

नीताचाच अजून एक. एकदा ती तिच्या शिवणाच्या दुकानातून थेट क्लासला आली. पर्समध्ये हात घातला, पिक काढला आणि वाजवायला लागली. सर डोळे मिटून ऐकत होते. एकदम म्हणाले, "नीता! काय मऊ आवाज काढलास गं! कुठला पिक हा?"

नीताने हात वर केला. तो कापडावर मार्किंग करायचा खडू होता! तसाच चपटा, तसाच तिकोनी. गिटारवर पांढरी पावडर, ड्रेसवर पांढरी पावडर आणि सरांचा चेहरा त्याहून पांढरा.

पण एक सांगते, आठ महिन्यांत सरांनी 'काय आवाज काढलास' म्हटलेली आमच्यातली ती एकटीच. ती ते अजून ऐकवते.

* * *

माझंही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल ही दुसऱ्यांचेच काढते. माझा पिक सारखा गिटारच्या भोकात पडायचा. मग गिटार डोक्यावर उलटी धरून हलवत बसायचं. एका रविवारी मी चिडून अशी काही हलवली की तीन पिक, एक सेफ्टी पिन आणि आमच्या घराची किल्ली बाहेर पडली!

त्या किल्लीपायी नवरा माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता. कुलूपसुद्धा बदलून झालं होतं. मी क्लासमधूनच फोन लावला, "सापडली!" तो म्हणाला, "काय, सूर?"

* * *

आता कदम काका.

काकांचा त्रास वेगळाच होता. जन्मभर तिकिटं फाडलेली, त्यामुळे काही धरायचं म्हटलं की अंगठा आधी जिभेवर. ओला अंगठा, गुळगुळीत प्लॅस्टिक. दोन ठोके पडले की पिक सटकून जमिनीवर! सर ओरडायचे, "काका, तिकीट नाय द्यायचं कोणाला!" काका म्हणायचे, "सॉरी सॉरी," आणि पुन्हा अंगठा जिभेवर.

हसण्यावारी नेलं असतं, पण घरी काकूंनी अटच घातली होती. काकू मालवणच्या, बोलणं एक घाव दोन तुकडे. "ह्या वयात ही कसली थेरां? क्लासच्या कार्यक्रमात एक गाणा पुरा वाजवून दाखवा. मधी थांबलात, तर गिटार मुलुंडच्या भाच्याक!"

काका खरंच घाबरले होते. नोकरीत असताना स्वतःसाठी काही म्हणून केलं नाही हो या माणसाने. ही गिटार म्हणजे पहिली हौस. घरी वाजवायला बसले की काकू स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या.

मग त्यांनी पिक बदलायचा सपाटा लावला. पातळ आणला, तो कागदासारखा फडफडला. एकदम जाड आणला, तर तारच तुटली. खडबडीत आणला, छिद्रांचा आणला. शेवटी वैतागून म्हणाले, "सर, बरोबरचा कुठला ते तुम्हीच सांगा ना!"

सर म्हणाले, "मी कसा सांगू? बूट माझ्या पायात घालून तुमचं माप कळेल काय? वाजवत राहा. जो हरवल्यावर जीव हळहळेल, तो तुमचा."

"सगळेच हरवतात हो," काका म्हणाले. "हळहळू तरी किती?"

* * *

कार्यक्रमाचा दिवस. हॉल भरलेला, काकू पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स. काका नवा झब्बा घालून स्टेजवर. मी आणि नीता विंगेत एकमेकींचा हात धरून उभ्या.

सुरुवात झकास झाली. जुनं हिंदी गाणं, लोक मान डोलवायला लागले. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्यात काकांच्या बोटांतून पिक उडाला आणि थेट स्टेजच्या फटीत गेला!

गाणं थांबलं. काकांनी झब्ब्याचे खिसे चाचपले, दोन्ही रिकामे. नीता म्हणाली, "वाट लागली." मला तर रडायलाच आलं.

आणि काकू उठल्या. पायऱ्या चढून थेट स्टेजवर. आम्हाला वाटलं, आता गिटार काढून घेतात. त्यांनी पर्स उघडली, चिल्लरचा बटवा काढला आणि काकांच्या पुढ्यात उपडा केला. पंधरा-वीस पिक! लाल, निळे, पातळ, जाड.

"पॅन्टी धुताना गावतत," त्या म्हणाल्या. माईक चालू होता.

काकांनी एक पातळ पिवळा उचलला. काकूंनी त्यांच्या हातावर चापटी मारली. "तो नको. त्येना अंतऱ्यात आवाज पडता तुमचो. रोज पडता. ह्यो घ्या, निळो."

काकांनी निळा घेतला आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. अंतरा असा वाजला की काय सांगू! शेवटचा ठोका पडला आणि अख्खा हॉल उभा राहिला. शिट्ट्या, टाळ्या. बेनी सर तर खुर्चीवर चढून ओरडत होते, "वन्स मोर! वन्स मोर!"

काकू स्टेजवरून खाली उतरल्याच नव्हत्या. त्या काकांकडे वळल्या.

"त्याच त्याच काय वाजवतात? आता ता दुसरा वाजवा. परवा बसवलात ता."