कमलच्या दुकानातली दुपार

थंडीतल्या दुपारी रोह्याच्या पेठेला एक वास येतो. बंद फळ्यांआड कोंडलेल्या सुक्या मिरचीचा, गोणपाटाचा आणि कुणाच्या तरी उशिरा आटोपलेल्या जेवणातल्या कढीच्या फोडणीचा. एक वाजला की इथला दुकानदार फळ्या लावतो, आणि मग साडेचारपर्यंत साक्षात लक्ष्मी जरी दाराशी आली तरी तिने ओट्यावर बसून वाट पाहावी, असा शिरस्ता. या सुस्त, उबदार शांततेचा मला लळा होता. पण हळूहळू साडेचारनंतरही निम्म्या फळ्या निघेनाशा झाल्या, आणि त्याच शांततेची मला भीती वाटू लागली.

माझ्या घरासमोरच्या कमल कासारणीला तर मुलाने शिमग्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर बांगड्यांचं दुकान रिकामं करून सिमेंटच्या गोदामाला द्यायचं. तिच्या निमित्ताने आम्ही गल्लीतली माणसं एकत्र आलो आणि एक साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली, की जवळच्या धाटावच्या कंपन्यांची पहिली पाळी तीनला सुटते, स्टँडवर भरलेल्या गाड्या रिकाम्या होतात, आणि नेमके तेव्हा आपण घोरत असतो! मग आम्ही गटार उपसलं, ओट्यांना चुना दिला, कमलच्या दाराशी एक बाकडं टाकलं, आणि दुपारी कुणी दुकान बंद करायचं नाही असं ठरवलं.

नव्याचे नऊ दिवस. आधी किराणावाले ‘जरा पाठ टेकतो’ म्हणून आत गेले, मग कापडवाले, आणि पौष उजाडेपर्यंत चुन्याने पांढऱ्याशुभ्र झालेल्या त्या गल्लीत कमल एकटी जागी राहिली. मी हातातलं काम टाकून तिच्या सोबतीला जाऊन बसे. बांगड्यांच्या काचेवरून सरकणारं हिरवं, तांबडं ऊन दोघी पाहत असू.

अशाच एका दुपारी पाळीवरून सुटलेल्या तीन मुली गल्लीच्या तोंडाशी थबकल्या.

“सगळं बंद हाय गो, चल,” एक म्हणाली.

“या गो, उघडं हाय!” कमल जवळजवळ ओरडलीच. मुली आल्या, बाकड्यावर टेकल्या. कमलने एकीचा हात हातात घेतला आणि नेहमीसारखा अंगठ्याखाली दाबत मऊ करू लागली. हाताला घट्ट, जरा दुखवूनच चढणारी बांगडी भरायची, ही तिची उभ्या जन्माची विद्या.

मुलीने हात मागे घेतला. “मावशी, घट्ट नको. कंपनीत काच चालत नाय. गेटवर काढाया लावतात. सैल दे, रविवारपुरती.”

कमलने उठून वरच्या फळीवरचा मोठ्या मापाचा जोड काढला. बांगड्या न दाबता, न दुखता मनगटावर घरंगळल्या. मुलीने हात हलवून किणकिण ऐकली, खुदकन हसली, आणि लगेच काढून कागदात गुंडाळून पिशवीत टाकल्या. मैत्रिणींनीही तसेच जोड घेतले. ‘रविवारी आणखी पोरींना आणतो,’ असं सांगून त्या निघाल्यादेखील.

बांगड्या भरून झाल्या की बाई कासारणीला वाकून नमस्कार करते आणि कासारीण तिला आशीर्वाद देते. त्याशिवाय आमच्याकडे कुणी उठत नाही. पण या बांगड्या भरल्या कुठे होत्या? मुलींचा काय दोष! कमलचा हात मात्र सवयीने वर उचलला गेला होता, आणि समोर कुणी वाकलेलं नव्हतं.

मी उसन्या उत्साहाने म्हटलं, “आली की नाही गिऱ्हाइकं? आता मुलाला सांग.”

“गिऱ्हाईक आलं, वहिनी,” हात खाली घेत ती म्हणाली, “पन माझ्या हातांना काम नाय आलं.”

आम्ही सगळे नुसतं गिऱ्हाईक आणायलाच निघालो होतो.